डेस मामाची फुली

दालगाराच्या फार्मवर गवत पोहोचवायचं, एवढंच त्या दिवशीचं काम होतं. पाऊस तिकडे फिरकला नव्हता, गुरांना उभंही राहवत नव्हतं, आणि आमच्या ट्रकमागे जोडलेल्या तिन्ही ट्रेलरांवर गठ्ठे ताडपत्रीला भिडेपर्यंत रचले होते. चालवणार आई. मी शेजारी.

निघण्याआधी आई ढाब्याच्या भिंतीपाशी गेली. ढाबा नेरिडाचा, पण भिंत आम्हा ट्रकवाल्यांची. तिथे आमचा नकाशा आहे. कागदाचा, दारापेक्षा उंच, बोटं लागून लागून काळवंडलेला. बाहेर पडताना ज्या रस्त्याने जाणार त्यावर आपल्या नावाचं पहिलं अक्षर पेन्सिलीने लिहायचं. परतलं की ते पुसायचं, वाटेत जे पाहिलं ते मांडायचं, रस्त्याखालची खचलेली मोरी असो की मऊ वाळू, आणि मगच चहाला हात लावायचा. धोक्याच्या जागी फुली. आणि ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं. दुसऱ्याच्या खुणेला खोडरबर लावणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मलेला नाही.

एडिंबरात नकाशे करायला शिकताना मी हे वर्गात सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. उपग्रहाला रस्ता दिसतो, पण काल त्यावरून कोण गेलं आणि कसं परतलं, हे त्याला कुठून कळणार? माझ्या माणसांना ते कळतं. म्हणूनच मी परत आले, आणि त्या भिंतीसमोर एक छोटा कॅमेरा बसवला. कुणी पेन्सिल टेकवली की ती खूण लगेच सगळ्या ट्रकांच्या जीपीएसवर उमटायची. सुरुवातीला चालक त्याच्यासमोर उभे राहून केस विंचरत आणि मला विचारत, “टॅमसिन, दिसतोय का गं मी चंद्रावरून?” आता त्यांच्यातला एकही त्या स्क्रीनशिवाय निघत नाही.

आईने लांबच्या रस्त्यावर आपलं अक्षर लिहिलं. मी हात पुढे केला, तर तिने पेन्सिल नकाशाखालच्या फळीवर ठेवून दिली.

“शेजारी बसणाऱ्याचं अक्षर नसतं, पोरी. चालवशील तेव्हा लिही.”

परवाना माझ्याकडे होता. गाडी तिने अजून हातात दिली नव्हती.

दालगाराला जवळचाही एक रस्ता आहे, ओढ्यातून जाणारा. त्यावर डेस मामाची फुली आहे. डेस मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. ओढ्याची पांढरी चिकणमाती वरून वाळलेली दिसते आणि आत गिळते, म्हणून त्यानेच ती फुली मारली होती. पुढे, माझा कॅमेरा येण्याआधी, दक्षिणेकडचा एक नवखा चालक जीपीएसच्या निळ्या रेघेमागे थेट तिथे जाऊन रुतला. त्याला काढायला मामा आपली रिकामी गाडी घेऊन गेला. नवखा परत आला. मामाची गाडीही सापडली. मामा नाही. त्याची फुली आणि त्याचं अक्षर, दोन्ही भिंतीवर तशीच राहिली; पुसणार कोण? पुढे ओढा आटला, जमीन दगडासारखी झाली, तरी त्या रस्त्याला कुणी गेलं नाही.

फाट्यापाशी पोहोचलो तेव्हा भर दुपार होती. पश्चिमेला तांबडी भिंत उठली. धूळ. बघता बघता सूर्य तांब्याच्या पैशासारखा झाला आणि मग तोही गेला. आईने गाडी थांबवली. काचांवर वाळू सरसरत होती, आणि त्या आवाजात स्क्रीन बारीकसा वाजला.

जवळच्या रस्त्यावरची फुली नाहीशी झाली होती.

आम्ही बघत असतानाच दुसरी फुली उमटली. लांबच्या रस्त्यावर, आम्ही जाणार होतो त्याच मोरीपाशी. तिची एक रेघ खाली शेपटीसारखी ओढलेली. तशी फुली एकच माणूस मारायचा.

“तुझं यंत्र बिघडलंय,” आई म्हणाली. पण आवाज तिचा नेहमीचा नव्हता.

मी उपग्रहाच्या फोनवरून नेरिडाला विचारलं, नकाशापाशी कोण आहे? ती म्हणाली, कोणी नाही, धूळ आली म्हणून दाराला कडी लावलीय, मी एकटीच स्वयंपाकघरात आहे. मी तिला जाऊन बघायला सांगितलं. तिची पावलं ऐकू आली. थांबली.

“डेसची फुली नाहीये गं… आणि पेन्सिल… पेन्सिल अजून घरंगळतेय…”

फोन खरखरला आणि बंद पडला.

फाट्यापुढे दोन्ही रस्ते अरुंद. एकदा शिरलं की तीन ट्रेलर वळवता येत नाहीत. मागे फिरावं तर दालगाराची गुरं आठवडा काढणार नाहीत. लांबचा रस्ता आईच्या हाताला पाठ होता. जवळच्या रस्त्याने तिचा भाऊ नेला होता.

“ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं,” मी हळूच म्हणाले.

आईने स्क्रीनवरच्या त्या शेपटीवरून बोट फिरवलं. मग तिने सीटचा पट्टा सोडला.

“माझ्याने नाही होणार ते. तू चालव.”

माझ्या माणसांनी शतकभर बोटांनी चाचपून काढलेला तो मुलूख पहिल्यांदा माझ्या हातांखाली आला. भीती होती, पण अभिमानाने ऊरही भरून आला होता, खोटं कशाला सांगू? मी गाडी ओढ्याकडे वळवली.

बाहेर काही दिसत नव्हतं. चाकांखाली जमीन मात्र टणक वाजत होती. ओढा जवळ आला तसा वास आला, ओल्या चिकणमातीचा. सगळीकडे कोरडी धूळ आणि हा गार, ओला वास… आणि ट्रकवाल्यांशी बोलायचा रेडिओ आपोआप सुरू झाला.

“भरलेली आहेस… ये तू. मी खाली उतरतो.”

आमच्याकडे अरुंद रस्त्यावर भरलेल्या गाडीचा मान. रिकामीने रस्ता सोडायचा. कोण बोललं, ते मी विचारलं नाही. आईने तोंडावर दोन्ही हात धरले होते.

माझ्या खिडकीबाहेर, रस्त्याच्या खाली, एका ट्रकच्या लांबीएवढ्या जागेत धूळ हलत नव्हती. आजूबाजूला वादळ धावत होतं आणि तेवढी धूळ नुसती उभी होती. मी स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. समोरून येणाऱ्याला आम्ही असाच रामराम करतो. ती जागा मागे गेली. वास गेला.

संध्याकाळच्या आत आम्ही दालगाराला गठ्ठे उतरवले. गुरांच्या तोंडात गवत गेलं, तेव्हा तिथली बायामाणसं रडली. लांबच्या रस्त्यावरची ती मोरी आतून पोकळ होऊन खचली होती, हे मागाहून कळलं. तिच्यावरून तीन ट्रेलर गेले असते, तर तिथेच राहिले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ढाब्यावर परतलो. नेरिडा दारातून बाजूला झाली. काउंटरवर एक रिकामा कप होता. तिने तो धुतला नव्हता. कपाच्या कानावर पांढऱ्या चिकणमातीतले बोटांचे ठसे. नकाशाखालच्या फळीवर खोडरबराचा चुरा.

आईने आपलं अक्षर पुसलं. मग मामाच्या अक्षरापाशी बोट नेलं. ते तसंच होतं. त्याने फुली पुसली, चहा प्यायला, पण परत आल्याची खूण म्हणून आपलं अक्षर पुसलं नव्हतं.

“टॅमसिन,” आई म्हणाली, “हे तू कधी लिहिलंस?”

मामाच्या अक्षराला खेटून, ओढ्याच्या रस्त्यावर, माझ्या नावाचं पहिलं अक्षर होतं. गाडी मी चालवली, हे आम्ही नेरिडालाही सांगितलं नव्हतं.

आमच्यात याहून मोठा मान नाही. भिंतीवर अक्षर असणं म्हणजे या रस्त्यांनी तुला आपलं म्हणणं. मी ते डोळे भरून पाहिलं. मग खोडरबर उचलला, कारण मी परत आले होते.

अक्षराची उभी रेघ खाली शेपटीसारखी ओढलेली होती.

मी खोडरबर खाली ठेवला. ते मी लिहिलेलं नव्हतं.