टोकाला जोडलेल्या शेंगा

भर दुपारी मोखाड्याच्या रस्त्याकडेला मोटारसायकल लावून एक माणूस झाडाची साल चावत उभा होता. तोंड असं वेडंवाकडं करत होता की रविनाला वाटलं, चढलीय याला.

"ओ दादा... जेवण मिळालं नाय का?"

त्यानं दचकून पाहिलं. डोळ्यांत पाणी आलेलं.

"पांढरा कुडा आहे का बघतोय. खऱ्या कुड्याची चव जिभेवर बसवून घेतो आधी."

"कडूच पायजे तर माझ्याशी बोला की! आख्खा पाडा सांगेल."

तो हसला. कडू तोंडानं माणूस इतकं गोड हसू शकतो, हे रविनानं पहिल्यांदाच पाहिलं. पळसाचं एक फूल त्याच्या खांद्यावर पडलं होतं, त्याचं त्याला भानही नव्हतं.

"आणि दादा नका म्हणू," तो म्हणाला. "दिपेश."

दिपेश जव्हारकडचाच. डोंगरावर नाचणी पिकवणाऱ्या घरातला. झाडपाल्याचं शास्त्र शिकला आणि औषधी माल तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागला. आला होता तो रविनाच्याच पाड्यावर. तिच्या बचतगटातल्या बायांनी कुड्याची साल काढून, वाळवून, शेडमध्ये ढीग लावला होता. पांढरा कुडा म्हणजे हगवणीवरचं औषध. माल पास झाला तर पुढच्या हंगामाचं काम गटाला मिळणार होतं, आणि बायांना लेकरं काखेत मारून वसईच्या वीटभट्टीवर जावं लागणार नव्हतं. नापास झाला तर... भट्टी होतीच.

त्यानं शेडच्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडला. सालीचा केसाहून पातळ काप कापला. त्याची बोटं कापताना थरथरत नव्हती, आणि रविना त्या बोटांकडंच बघत होती.

"या, बघा."

तिनं डोळा लावला. त्याचा श्वास कानाशी आला. साबणाचा वास... आणि त्यात कुडा.

"काय दिसतंय?"

"धागं दिसत्यात. लांब लांब."

त्यानं स्वतः डोळा लावून खात्री केली. मग हळूच म्हणाला, "पांढऱ्या कुड्याच्या सालीत धागे नसतात. हा काळा कुडा आहे. यानं हगवण थांबत नाही."

त्यानं ढिगातून ठिकठिकाणची साल उचलली. चावली, कापली, पुन्हा बघितली. सूर्य कलला तेव्हा उठून उभा राहिला.

"माल मिसळलेला आहे. मी पास करू शकत नाही."

माल उचलायला आलेला दलाल पुढं आला. "अरे, चलता है! साल सालीसारखी दिसते. दळल्यावर कोण बघणार?"

ही गोष्ट सांगताना मला या 'चलता है'ची शिसारी येते. आदिवासी पोराच्या पोटात जाणाऱ्या औषधाला सगळं चालतं. साहेबाच्या पोराला चालतं का?

"ज्याला हगवण लागेल तो बघणार," दिपेश म्हणाला. आवाज चढवला नाही. नजर मात्र खाली केली नाही.

रविनाचा चेहरा तापला. मघाशी हसणारा हा माणूस! तिला वाटलं होतं...

"आमच्या बायांनी फसवलं म्हणता?"

"नाही. चुकलं म्हणतो. झाडं कशावरून ओळखली?"

"मीच शिकवलं त्यांना. पानं झडल्यावर शेंगांवरून वळखायचं. जोडीनं लोंबतात तो पांढरा कुडा."

"जोडी दोन्ही कुड्यांना असते, रविना."

तो बाहेर गेला आणि बांधावरच्या झाडाची वाळकी शेंग घेऊन आला. दोन लांब शेंगा, खाली टोकाला एकमेकींना चिकटलेल्या.

"हा काळा. पांढऱ्याच्या शेंगा जोडीनं येतात, पण टोकं सुटी राहतात."

गोजाबाई उठली. गटातली सगळ्यात थोरली, सगळ्यांची आत्या. तिचं माहेर वावर गाव. ब्याण्णव-त्र्याण्णवला तिथं भुकेनं, हगवणीनं पोरं मेली तेव्हा तिनं काय बघितलं, ते ती बोलत नाही. पण चुलीवर काढा ठेवायच्या आधी सालीचा तुकडा स्वतः चाखते, कायम. तिनं ढिगातला तुकडा चावला आणि थुंकला.

"पोरगा खरं बोलतो. कडू नाय ही. आपुन घरी चाखतो, मंग इथं का नाय चाखली गं?"

रविनानंही चाखली. फिकी होती. तिनं मान वर केली.

"चूक माझी हाय. ढीग मोडा. तुकडा तुकडा चाखू. कडू इकडं, फिकी तिकडं." मग दलालाकडं वळली, "अन् तुमचा टेम्पो थांबंल. जो माल जाईल तो खराच जाईल."

बाया गोलात बसल्या. चाखायचं, थुंकायचं, पाण्यानं चूळ भरायची. दिपेश बाया-बायांत मांडी घालून बसला. त्याचं काम माल तपासायचं होतं, निवडायचं नव्हतं. तरी बसला.

"तपासणारे सायेब," एक बाई म्हणाली, "रविनाच्याच बाजूची साल बरी लय कडू लागते तुमाला?"

हशा उठला. तो कानापर्यंत लाल झाला, पण जागचा हलला नाही.

लोकांना प्रेमात पडायला डोळे लागतात, गाणी लागतात. रविनाला एक 'नाही' पुरलं. तिच्यासाठीसुद्धा जो खोटं बोलला नाही, त्याच्यापुढं जीव ओवाळून टाकावा, असं तिला वाटलं.

उन्हं उतरता उतरता दिपेशनं निवडलेल्या ढिगाचा नमुना पाहिला. धागा नव्हता. पास! फिका ढीग मागं राहिला, पण कडू ढीग मोठा होता, आणि गटाचं पुढच्या हंगामाचं काम पक्कं झालं. दलालानं तोंड पाडून पोती भरली.

मोटारसायकलीपाशी रविना आली. हातात ती टोकाला जोडलेली शेंग.

"ही औषधाला चालत नाय," ती म्हणाली. "तुला चालंल का?"

तिनं 'तू' म्हटलं होतं. मोहाचा वास दाटला होता... दिपेशनं शेंग घेतली, जोड तुटू न देता, आणि खिशात ठेवली.

"चाखल्याशिवाय मी काही पास करत नाही."

"तोंड कडू हाय माझं... सांगून ठेवते."

"कडू असलं तरच खरं," तो म्हणाला, आणि एक पाऊल पुढं आला.

शेडमधून गोजाबाई मोठ्यानं खोकली. बायांकडं वळून म्हणाली, "तिकडं काय बघता गं? पोती शिवा!"