हात घालायला जागा

फिटर दुकानात गेला तो नुसती डाखाची तार आणायला. ऊन कलतं झालं होतं. दुकानदार पंख्याखाली पेंगत बसला होता. फिटरनं काउंटरवर थाप मारली तसा तो दचकून उठला.

"या फिटरकाका. झुकझुकगाडी कुठवर आली?"

"तुझ्या बारशाला निघालीये. तार दे. पातळ दे. मागं दिलंस तसलं दोरखंड नको."

"काकू म्हणत होत्या, सुताराला बोलावलंय म्हणून."

"काकू बरंच म्हणते. तार दे."

तार खिशात कोंबून तो घरी आला आणि चपला न काढताच माडी चढला.

फिटर हे त्याचं नाव नव्हे, धंदा. कारखान्यात बॉयलरच्या नळ्या बसवण्यात हयात गेली. हात म्हणजे फावडी, आणि तोंड त्याहून जड. असला माणूस म्हातारपणी वीतभर इंजिनाच्या नादाला लागला तो धाकट्या भावामुळे. धाकटा घड्याळजी. लग्न केलं नाही, माडीवरच्या खोलीत राहिला. बोटं बाईसारखी बारीक, आणि अंगाला कायम घड्याळाच्या तेलाचा वास. घड्याळाचं दुकान कायमचं बंद केल्यावर एक दिवस तो म्हणाला, "दादा, आपण आगगाडी करू." दुसरं काही काम नव्हतं म्हणून दादा हो म्हणाला.

दोघांनी टेबल खोलीतच ठोकलं. ठोकून झाल्यावर कळलं की ते दारातून बाहेर निघणार नाही. दोघंही आयुष्यभर मापं घेऊन जगलेले. फिटरची बायको त्यावर इतकी हसली की तिला उचकी लागली.

जाड कामं फिटरची. फळ्या, पाय, तारा ओढणं. बारीक कामं धाकट्याची. फिटरच्या हातून स्क्रू सारखे सांडायचे, म्हणून धाकट्यानं एक रीत काढली होती. तो दादाचा हात उलटा करायचा, तळव्यावर स्क्रू ठेवायचा आणि त्याची बोटं स्वतः मिटवायचा. आधी करंगळी, मग पुढची, मग पुढची, अंगठा शेवटी. "धर. आता सांडलास तर तुझ्या चष्म्याचे काढीन."

डोंगर मात्र धाकट्यानं एकट्यानं केला. फिटर तेव्हा मोतीबिंदू काढायला दवाखान्यात होता. डोळ्यावरची पट्टी सुटली, घरी आला, माडीवर जाऊन बघतो तर टेबलाच्या मागच्या अंगाला डोंगर उभा. जाळीवर कागद, कागदावर प्लास्टर. दोन टोकांना बोगद्याची दोन तोंडं. बाकी सगळा बंद.

"आणि हात घालायला जागा कुठंय?" फिटरनं विचारलं.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? आत गाडी अडकली तर काढायची कशी? बॉयलरला सुद्धा भोक ठेवतात. माणूस आत जाईल एवढं."

"डोंगराला दार नसतं, दादा."

"तुझ्या डोक्यालाही नाही. भोक पाड."

"नको म्हटलं ना." धाकटा असा कधी बोलत नसे. मग जरा नरमला. हात मात्र दोन्ही खिशातच होते. "अडकली तर मी आहे ना…"

आठवडाभर दोघं बोलले नाहीत. प्लास्टर पुरतं वाळायच्या आत धाकटा गेला. खुर्चीत बसल्या बसल्या गेला. बाजूला चहा तसाच, वर साय धरलेली.

फिटर रडला नाही. चौथ्या दिवशी माडीवर जाऊन त्यानं उरलेले रूळ ठोकायला घेतले.

आता लेक बदली होऊन परत येणार होती आणि तिला खोली हवी होती. टेबल कापल्याशिवाय निघणार नव्हतं. बायको सुताराला सांगून आली तेव्हा फिटर दारात आडवा उभा राहिला.

"करवत माझ्या अंगावरून न्या."

"तुमच्या अंगावर करवत चालायची नाही, दात मोडतील." बायको पायरीवर बसली. तिचाही दीर गेला होता. धाकट्याला तिनं आईसारखं जेवू घातलं होतं. "हे बघा. एक फेरी. स्टेशनातून निघायचं, स्टेशनात यायचं, मध्ये कुठं थांबायचं नाही. लेक येईल त्या दिवसापर्यंत जमलं तर टेबल राहील, ती कडेला खाट टाकेल. नाही जमलं तर मी आणि सुतार. तुम्ही मध्ये यायचं नाही."

"मान्य."

तार वितळवून, डाख लावून त्यानं रुळांचा शेवटचा सांधा जोडला आणि बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत वर आली. फिटरनं बटण फिरवलं. या गाड्यांना वीज रुळांतून मिळते. इंजिन गुणगुणलं, मागचे डबे हलले. गाडी स्टेशन सोडून वळणावर गेली, पूल ओलांडला, डोंगरात शिरली.

गुणगुण थांबली.

फिटरचा हात बटणावर तसाच. आतून बारीक खरखर आली, लाकडावरून पाटी ओढल्यासारखी. मग पलीकडच्या तोंडातून इंजिन बाहेर आलं, पुन्हा गुणगुणलं आणि स्टेशनात येऊन उभं राहिलं.

"थांबली होती," बायको म्हणाली.

"आत चढ आहे."

"पाटासारखं सपाट टेबल. चढ कुठला?"

"मग रूळ मळले असतील."

"जे असेल ते. थांबलेली फेरी धरणार नाही मी."

ती खाली गेल्यावर त्यानं इंजिन उचललं. टपावर पांढरी भुकटी होती. फुंकली तरी गेली नाही, ओली होती. त्यानं ती अंगठ्यानं पुसली आणि त्यावर फार विचार केला नाही. विचार करणं हा त्याचा धंदा नव्हता. काहीतरी अडतंय म्हणजे ते सुटं करायचं, एवढंच त्याला कळे.

दुसऱ्या दिवशी काठीला चिंधी गुंडाळून त्यानं बोगद्यात घातली, रूळ पुसायला. काठी थोडी आत गेली आणि अडली. रेटली तर हळूच बाजूला सरली. आदळून नव्हे, लहान पोराचा हात आपण बाजूला करतो तशी. पुन्हा घातली, पुन्हा सरली. फिटरनं काठी बाहेर काढली. चिंधीला घड्याळाच्या तेलाचा वास येत होता.

"चिंधी त्याचीच असेल," तो स्वतःशी मोठ्यानं म्हणाला. चिंधी त्याच्या स्वतःच्या फाटक्या बनियनची होती.

तो रोज दुपारी गाडी सोडायचा, आणि रोज ती डोंगरात जास्त वेळ थांबायची. आधी श्वासभर. मग घोटभर पाणी पिऊन व्हावं इतका वेळ. मग खालून वर जिना चढून यावं इतका. खरखर थोडी व्हायची, थांबायची, पुन्हा व्हायची. जड ओझं नेणारा माणूस मध्ये मध्ये टेकतो ना, तशी. फिटर कान लावून ऐकायचा. तो जागचा हलायचा नाही. भावाचं काम अर्धं टाकून पळायचं हे त्याच्या डोक्यात बसत नव्हतं.

लेक उद्या येणार, आज आभाळ भरून आलेलं. डोंगर खिडकीच्या अंगाला, त्यामुळे भरदुपारी खोलीत काळोख. बायको न बोलावता वर आली आणि दाराशी उभी राहिली. फिटरनं गाडी सोडली. वळण. पूल. गाडी डोंगरात शिरली, शेवटचा डबा दिसेनासा झाला.

दोघं वाट बघत राहिली. खरखर झाली… थांबली… पुन्हा एकदा, अगदी थोडी… आणि मग काहीच नाही. वास मात्र वाढला. तेलाचा, आणि ओल्या प्लास्टरचा.

फिटरनं बटण बंद केलं. वाकला आणि बोगद्याच्या तोंडाशी तोंड नेलं.

"अडकली रे," तो म्हणाला.

"अहो… कोणाशी बोलताय?"

"गप्प बस जरा. दमलास का रे?"

आतून गार हवा आली. फिटरनं बाही वर सारली आणि हात आत घातला. मनगट गेलं, कोपर बोगद्याच्या तोंडाशी येऊन टेकलं. तो पालथ्या हातानं चाचपत होता. चाचपता चाचपता हात कोणीतरी उलटा केला.

तळव्यावर इंजिन आलं. मग करंगळी मिटली. मग पुढचं बोट. मग त्याच्या पुढचं. सावकाश, एक एक. ती मिटवणारी बोटं गार होती, बारीक होती, आणि थरथरत होती. अंगठा शेवटी.

 फिटरनं हात बाहेर काढला. मुठीत इंजिन होतं. मुठीवर, प्रत्येक बोटाच्या पाठीवर, ओल्या प्लास्टरचा एकेक ठिपका.

बायकोनं ते पाहिलं.  मग म्हणाली, "फोडा तो डोंगर."

"त्याच्या हातचा आहे."

"म्हणूनच म्हणते. फोडा."

फिटरनं छिन्नी लावली. कोरडं ठणठणीत प्लास्टर, तुकडे टेबलभर उडाले. वरचा भाग मोकळा झाला तसा बायकोनं दिवा धरला.

आत रूळ नव्हते.

दोन्ही तोंडांपासून वीतभर रूळ आत आले होते आणि तिथंच संपले होते. मध्ये उघडी फळी. कडेला रुळांचे तुकडे पडले होते, डाख ओघळून वाया गेलेले, आणि खिळे. सगळे वाकडे. एकही सरळ बसलेला नव्हता. ज्या माणसानं डोळ्याला दिसेनात असली चाकं घड्याळात बसवली, त्याचं ते काम. खिळा एकीकडे, हातोडी भलतीकडे.

"हात थरथरायला लागले होते त्याचे," बायको हळूच म्हणाली. "कप दोन्ही हातांनी धरायचा. मला वाटलं, थंडीनं."

फिटरला ते खिशातले हात आठवले. भोक ठेवलं असतं तर दादानं हात घातला असता, हात घातला असता तर कळलं असतं. म्हणून डोंगराला दार नव्हतं.

डबे उघड्या फळीवर मधोमध उभे होते. आणि एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत फळीवरची धूळ पुसून गेली होती. पट्टा तळहाताएवढा रुंद.

"मूर्ख," फिटर म्हणाला. "मला सांगायचं होतंस की."  मग त्यानं चष्मा पुसला आणि खिळ्यांची डबी ओढली.

अंधार पडेपर्यंत आणि सकाळी उजाडल्यापासून तो रूळ ठोकत होता. खिळे सांडायचे, तो वाकून उचलायचा, शिव्या द्यायचा, पुन्हा ठोकायचा. बायको दिवा धरून उभी. मग जाळी ओढली, प्लास्टर थापलं, आणि या खेपेला डोंगराच्या माथ्यावर हात जाईल एवढं गोल भोक ठेवलं. त्यावर प्लायचं गोल झाकण, हिरवं रंगवलेलं. नुसतं वर टेकवलेलं, कधीही उचलावं.

संध्याकाळी लेक आली. बॅग खाली टाकून तशीच वर आली. फिटरनं गाडी सोडली. वळण, पूल, डोंगर. आतून एकसारखी गुणगुण आली, आणि गाडी पलीकडून बाहेर पडून स्टेशनात लागली. कुठं थांबली नाही.

"हरले," बायको म्हणाली आणि डोळे पुसायला तिकडे वळली.

"काकानं बघायला हवं होतं," लेक म्हणाली.

फिटर डोंगराकडे बघून म्हणाला, "झालं रे काम. आता नीज तू."

लेकीनं टेबलाच्या कडेला खाट टाकली. सुताराला निरोप गेला की येऊ नको.

सकाळी फिटर चहा घेऊन वर गेला तेव्हा लेक केस विंचरत होती.

"बाबा, झाकण पक्कं कशाला केलंत? मी आत बघणार होते, उघडेचना. तुम्ही आलात तेव्हा जाग कशी नाही आली मला?"

"मी आलो नव्हतो," तो म्हणाला, आणि कप ठेवून डोंगराशी गेला.

झाकण हलेना. त्यानं नखानं उचकटलं, मग छिन्नीचं टोक घातलं. घट्ट. दिव्याखाली वाकून पाहिलं तर हिरव्या रंगातून बारीक चकचकीत टोकं वर आली होती. घड्याळातले स्क्रू असतात तसल्या स्क्रूंची. झाकणाच्या काठानं गोल, तबकडीवरचे आकडे असावेत तशी समान अंतरावर. एकही वाकडं नव्हतं.

लेकीनं तेवढ्यात बटण फिरवलं होतं. गाडी स्टेशनातून निघाली, पूल ओलांडला, डोंगरात शिरली. गुणगुण थांबली.

आत रूळ होते. त्यानं स्वतः ठोकले होते.

"अडकली वाटतं," लेक म्हणाली. "स्क्रू काढा ना, बाबा."

फिटर स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन उभा होता. बाहेर नुसती टोकं होती. स्क्रूंची डोकी आतल्या बाजूला होती.