चौथ्याचा खडा

सोन्याचं नाव काढलं की आजारी माणूसही उठून बसतो. नीलिमाताईंचंच बघा. अडीच महिने परदेशी, क्लोनडॉकिनला मुलाकडे राहिल्या, पण गुडघ्यांचं निमित्त काढून कोपऱ्यावरच्या बागेतसुद्धा धड गेल्या नाहीत. आणि विकलोच्या डोंगरात सोन्याची जुनी खाण आहे, आत जाऊन बघता येते, हे विनयच्या तोंडून निघायचा अवकाश, रविवारी दहाच्या आत बाई बूट घालून दाराशी उभ्या.

विनय तिथल्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. उल्का त्याची बायको. तिला खरं तर यायचंच नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं होऊन गेल्यावर, सगळी आशा सोडल्यावर, तिला सातवा आठवडा लागला होता. हे एवढं टिकू दे, याखेरीज तिचं दुसरं मागणं नव्हतं. पण सासूला सांगायची सोय नव्हती. तीन महिने पुरे झाल्याशिवाय वाच्यता करायची नाही, हा नियम सासूबाईंचाच. मोठ्या सुनेनं दुसऱ्याच महिन्यात पेढे वाटले आणि पुढे जे झालं, त्याचं खापर त्या अजून पेढ्यांवर फोडत. आई आठ दिवसांत साताऱ्याला परतणार होत्या. नंतर फोनवर सांगू, असं नवराबायकोनं ठरवलं होतं.

खाणीचं तोंड म्हणजे डोंगराच्या कुशीतलं एक काळं भोक, जेमतेम माणूस वाकून जाईल एवढं. त्याला लोखंडी जाळीचं दार. बाहेर एका फळीवर पितळी बिल्ले टांगलेले. डेक्लन नावाचा म्हातारा ही खाण दाखवायचा. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात वाढत चाललेला.

"माणशी एक बिल्ला घ्या," तो कुलपाशी झटापट करत म्हणाला. "बाहेर आलात की परत टांगा. मी तोंडं मोजत नाही, दिसत कुठे आहेत. मी फळी मोजतो."

विनय आणि उल्कानं एकेक बिल्ला घेतला. नीलिमाताई मात्र अडखळल्या.

"आपण तिघंच की रे, दाखवणारा काही आपल्यातला नाही," त्या विनयला म्हणाल्या. "तीन तिगाडा, काम बिगाडा. आणि तेही जमिनीच्या पोटात जायचंय."

"आई, आता इथे चौथा कुठून आणू?"

"खडा घ्यायचा. त्याला काय होतंय?"

दाराच्या वरच्या बाजूला खडकात एक कोनाडा होता आणि त्यात गुळगुळीत, मुठीएवढा एकच खडा ठेवलेला. आजूबाजूला सगळा चिखल, दुसरा दगड शोधायला वाकायचं कुणी? ताईंनी तोच उचलला, रुमालात बांधला, वर चौथा बिल्लाही काढून त्याच गाठीत घातला. चौथा म्हटलं की रीतसर चौथा. उल्काच्या अगदी ओठांवर आलं होतं, की आई, आपण चौघं आहोतच, राहू दे तो खडा. तिनं ते गिळलं.

फळीवरच्या चार रिकाम्या खिळ्यांवरून डेक्लननं बोटं फिरवली. "चार. ग्रँड." म्हणजे सगळं ठीक. सगळे आत आल्यावर त्यानं आतून कुलूप लावलं. "मेंढ्या शिरतात," तो म्हणाला.

आत पाणी घोट्यापर्यंत. छप्पर इतकं खाली, की डोक्यावरचं दिव्याचं हेल्मेट घासून खरखर आवाज व्हायचा. एका ठिकाणी तर आडवं होऊन, पोट आत ओढून सरकावं लागलं, आणि तिथे उल्काचा जीव घाबराघुबरा झाला. पुढे आईंची पाठ, दोन्हीकडे ओला खडक. मागे कुलूप. वळायलाही जागा नव्हती. गंजाचा आणि भिजलेल्या लोकरीचा वास येत होता. लोकर इथे कुणाच्याच अंगावर नव्हती.

थोड्या मोकळ्या जागेत डेक्लन थांबला आणि गोष्ट सांगू लागला. विनय आईला मराठीत सांगत होता. सव्वादोनशे वर्षांपूर्वी खालच्या ओढ्यात सोन्याचे कण सापडले. लोकांनी पिकं उभी टाकली आणि घमेली, परड्या, मिळेल ते घेऊन धावले. मग सैनिक आले आणि ओढा सरकारचा झाला. तरी लोक चोरून बोगदे खणतच राहिले.

"कुणाला मोजता येत नव्हतं, लिहिता तर नव्हतंच," डेक्लन म्हणाला. "म्हणून आत जाताना प्रत्येकानं आपला खडा खाणीच्या तोंडाशी ठेवायचा, बाहेर आला की उचलायचा. खडा उरला, म्हणजे माणूस आत. एकदा सैनिकांची चाहूल लागली. घाईघाईत बाकीच्यांनी खडे उचलले, लाकडं आणि माती टाकून तोंड बुजवलं. एक खडा उरलेला त्यांना दिसला होता. तरी बुजवलं..."

विनयचं भाषांतर मध्येच थांबलं. उल्कानं आईंकडे पाहिलं. आईंचा हात रुमालाच्या गाठीवर होता.

"तो खडा अजून कोनाड्यात आहे. हात लावत नाही कुणी," डेक्लन सांगत होता. "आजोबा म्हणायचे, डोंगर हिशेबाचा पक्का आहे. जितके आत, तितके बाहेर. कोण, ते तो बघत नाही. आता दिवे बंद करा. खाणीतला अंधार काय असतो, ते बघा."

"नको," उल्का म्हणाली. पण तोवर दिवे गेले होते.

अंधार डोळ्यांवर चिखलासारखा बसला. "आकडे म्हणा," डेक्लनचा आवाज आला. "मला कळू दे कोण कुठे आहे."

"वन," विनय म्हणाला.

"दोन," आई पुटपुटल्या.

"तीन..." उल्का म्हणाली.

मग चौथा आकडा कुणीतरी म्हणालं. हळू, अगदी तिच्या कमरेच्या उंचीवरून. कोणत्या भाषेत, ते तिला नंतर कितीही केल्या आठवेना. ओली लोकर तिच्या पोटाला घासून पुढे सरकली, आणि बेंबीच्या खाली क्षणभर गारठा भरला.

"ग्रँड," डेक्लन म्हणाला. "चार."

विनयला वाटलं होतं, खड्याच्या वतीनं आईच बोलली. आईंना वाटलं, विनयनं चेष्टा केली. दाराशी येताच उल्कानं रुमाल मागितला. "आई, तो खडा आधी होता तिथे ठेवा."

ताईंनी गाठ सोडली. तोवर ती जशीच्या तशी होती. आत फक्त बिल्ला होता, ओलाचिंब.

चार बिल्ले फळीवर लागले. डेक्लननं ते चाचपले, दाराला कुलूप घातलं. मग विनयनं त्याला आपण तिघंच असल्याचं सांगितलं, तेव्हा म्हाताऱ्यानं हात उंच करून कोनाडा चाचपला. बराच वेळ चाचपत राहिला.

"घरी जा," तो शेवटी म्हणाला. तिघांपैकी कुणाकडेच न बघता.

गाडीत आई पुढे बसल्या, उल्का एकटी मागे. पिशव्या डिकीत. घाट उतरायला लागले तशी गाडी टिंग टिंग वाजू लागली. मागच्या सीटवर कुणीतरी पट्टा न लावता बसलंय, असं पडद्यावरचं लाल चित्र सांगत होतं. उल्काच्या शेजारची सीट.

"काही ठेवलंयस का तिथे?"

"काही नाही."

विनयनं गाडी थांबवली, दार उघडून सीट झटकली, पुन्हा निघाला. टिंग टिंग चालूच. मोटरवे लागला, थांबायची सोय संपली. वीस मिनिटं तो आवाज ऐकल्यावर उल्काला राहवेना.

"आई," ती म्हणाली, "आपण तिघं नव्हतो."

ताई हळूच मागे वळल्या. सुनेच्या चेहऱ्यावरून त्यांची नजर तिच्या पोटाशी गेलेल्या हातांवर आली.

"कितवा?"

"सातवा आठवडा."

ताईंचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. विनय. आपण. उल्का. पोटातलं. मग तो खडा. पाचव्यावर अंगठा थबकला. फळीवर बिल्ले चारच लागले होते, बाहेर चौघंच आले होते.

"मला सांगायचं होतंस गं," त्या म्हणाल्या. "मी खड्याला हात लावला नसता..."

उल्का रडू लागली. पोटातली सकाळपासूनची मळमळ केव्हा थांबली, हे ती आठवून बघत होती. खाणीतल्या अंधारानंतर ती एकदाही आली नव्हती.

तिच्या शेजारी पट्टा सरसरत ओढला गेला. खट्‌कन आवाज झाला, आणि गाडीतली टिंग टिंग थांबली.