फर्गसची मिस रोझमंड

"हे काय? मेलेल्या कोंबडीचं पोट आणलंय की काय शिवायला?"

इशबेलने विचारलं आणि दारातला तो उंच सैनिक इतका हसला, की त्याच्या टोपीवरचं पावसाचं पाणी थेट तिच्या टेबलावर उडालं. हा फर्गस गेडिस, वर किल्ल्यातल्या स्कॉटिश हायलँड पलटणीचा बॅगपाइपवाला. हातात बॅगपाइपची पिशवी होती आणि तिचं चौकड्यांचं आवरण उसवलं होतं.

"कोंबडी नाही बाई, बायको आहे माझी. जपून शिवा."

"मग तिला असं फाटक्या कपड्यांत फिरवताना लाज नाही वाटत?"

मिसेस पर्डींच्या त्या दुकानात पलटणीचे किल्ट, म्हणजे सैनिकांचे चौकड्यांचे घागरे, शिवले जात. इशबेल उत्तरेकडल्या बेटावरून नुकतीच तिथे कामाला लागली होती. तिच्या बेटावर चर्चमध्ये नुसती स्तोत्रं गात. वाद्य म्हणजे सैतानाचं खेळणं. तरीही या सैतानाची वाट बघायची तिला सवय लागली. दर आठवड्याला त्याचं काही ना काही उसवायचं. मिसेस पर्डी चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "या पोराचे कपडे आपोआप फाटतात, की हा घरून कात्री लावून येतो?"

मग रविवारी नदीकाठी फिरणं सुरू झालं. तो बोलायचा थोडं. तिचं मनगट धरून त्यावर बोटांनी कुठलीशी धून वाजवत चालायचा. तिला वाटायचं, आता विचारेल... आता. त्याने काही विचारलं नाही, आणि पलटणीला मलायाला जायचा हुकूम आला.

त्याच आठवड्यात ती शिवलेले किल्ट घेऊन किल्ल्यावर गेली. बँडच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतून ढोलवाल्या टॅमचा आवाज आला.

"फर्गस? तो कुठे असणार! सकाळपासून मिस रोझमंडबरोबर."

"अजून? काल संध्याकाळीही तिच्याबरोबरच होता की!" दुसरा कोणीतरी म्हणाला.

"सोडवत नाही रे त्याला. म्हणतो, आधी नखरे करते, पण एकदा हाताला आली की काय डौल!"

मिस रोझमंड म्हणजे कर्नलसाहेबांची मुलगी. पिवळ्याधमक केसांची, घोड्यावरून फिरणारी. तिच्या कमरेचं माप इशबेलने स्वतः घेतलं होतं, आणि मेलं ते अजून पाठ होतं. इशबेलने किल्ट तिथेच दारात टाकले आणि ती उतार उतरून दुकानात आली. दिवसभर सुई बोटात टोचत राहिली.

दुसऱ्या दिवशी फर्गस आला. हातात मोज्यांची जोडी.

"ही जरा..."

"तिच्याकडून घे ना शिवून."

"कुणाकडून?"

"नाव माझ्या तोंडून ऐकायचंय? मिस रोझमंड! आधी नखरे करते म्हणे... आणि मग हाताला येते."

फर्गस बघतच राहिला. मग कापडाच्या गठ्ठ्यावर बसून पोट धरून हसू लागला.

"अगं, ती धून आहे! 'मिस रोझमंडचा किल्ल्याला निरोप'. एवढं लांबलचक कोण म्हणणार? पलटणीत सगळ्या धुनांची नावं अर्धीच घेतात. कालच टॅम सगळ्यांसमोर ओरडला, 'जनरलसाहेबांना जरा जोरात बडवा!' त्याला कुठे अटक झाली?"

इशबेलच्या गालांवर रक्त चढलं. हसू आलं, पण ते तिने दाबलं.

"रचली कोणी?"

"...मी."

"तिच्यासाठी."

"लग्न होऊन चाललीय ती. साहेबांच्या मुलीला धून देतात, रिवाजच आहे तो."

"आणि माझ्यासाठी रिवाज नाही?" ती कापडावर झुकली. "इतक्या रविवारी माझ्या मनगटावर जे वाजवलंस, ते सगळं तिचंच होतं?"

आता तो हसला नाही.

"इशबेल, आमच्यात माणसाच्या नावाची धून तीन वेळा रचतात. कोणी आलं की स्वागत, निघालं की निरोप, वारलं की विलाप. तू आलीस तेव्हा मला तुझं नाव ठाऊक नव्हतं. आणि आता... तुझ्या नावापुढे 'निरोप' लिहायला हात धजेना."

मागच्या खोलीत मिसेस पर्डींचं मशीन एकाएकी थांबलं.

"चौथी नसतेच?" तिने हळूच विचारलं.

"असते. लग्नाची. नवरी चर्चमधून बाहेर पडते तेव्हा वाजवतात." त्याचे कान लाल झाले. "पण तिच्यात 'इशबेल मॅकऑले' चालत नाही. 'मिसेस गेडिस' म्हणावं लागतं."

हेच ऐकायला तिचा सगळा उन्हाळा गेला होता. पण मनातली ती पिवळ्या केसांची अजून घोड्यावरून उतरायला तयार नव्हती.

"तिच्या धुनेला भाग किती?"

"चार."

"मला सहा हवेत."

"सहा! फुंकता फुंकता जीव जाईल माझा!"

"जाऊ दे. तिच्यापेक्षा एक जरी कमी निघाला, तर मी चर्चमधून बाहेरच येणार नाही."

"म्हणजे... आत तरी येणार?"

आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. तिने त्याच्या हातातले मोजे ओढून घेतले.

"आधी मलायाहून परत ये."

"येईन. पण सहा भाग म्हणजे... फार वेळ लागेल गं."

इशबेलने सुईत दोरा ओवला. तोही दुसऱ्या खेपेला.

"लागू दे," ती म्हणाली. "मी कुठे चाललेय?"