मुनीरच्या ओळी

अबू धाबीत अल रीम आयलंडवरच्या थंडगार ऑफिसातून शुभ्रा बाहेर पडली, तोच ऑगस्टच्या दमट हवेने तिच्या चष्म्यावर वाफ धरली आणि ती गार टॅक्सीतून नुकत्याच उतरलेल्या माणसावर आदळली. तिच्या तोंडून ‘अगं बाई’ निघाले, म्हणून त्याने माफी मराठीत मागितली. चष्मा त्याचाही धुरकटला होता. दोघे तिथेच उभे राहून काचा पुसू लागले. चेहरे दिसले ते नंतर.

तो वेदांग. तिच्याच कंपनीत नव्याने रुजू होत होता. कंपनी अंधांसाठी औषधांची लेबले वाचून दाखवणारे यंत्र बनवत होती, आणि त्याच्या पोटातला प्रोग्राम वेदांगने मित्राबरोबर लिहून सर्वांसाठी खुला ठेवला होता. अट एकच – जो कोणी हा प्रोग्राम पुढे देईल, त्याने त्याचा सोर्स कोड, म्हणजे लिहिलेल्या मूळ ओळीही द्याव्यात. कंपनीला त्या द्यायच्या नव्हत्या. अट बदलायची तर दोन्ही लेखकांची संमती हवी. आणि दुसरा लेखक, पूर्वी दुबईच्या देरा भागातल्या खोलीत वेदांगसोबत राहणारा मुनीर, हृदयविकाराने गेला होता. वारस म्हणून त्याच्या वडिलांनी कोळिकोडहून नकार कळवला : मुलाने जसे ठेवले, तसेच राहू द्या. तेव्हा मुनीरचा भाग वेदांगने नव्याने लिहावा असे ठरले. तो खरोखर नवा आहे, हे तपासून सही करणे शुभ्राचे काम.

सुरुवातीला ते कामाचेच बोलत. मग खाडीकाठी वेलदोड्याचा दाट करक चहा घेताना तसे बोलणे जमेना.

“माणसंही अशीच तपासता का?” त्याने एकदा विचारले.

“तपासते. बहुतेकांच्या अटी बारीक अक्षरांत असतात.”

“माझ्या वाचल्यात?”

“चष्मा पुसू द्या आधी…”

ती हसली, आणि आपण हसलो याची तिने शास्त्रीय नोंद घ्यावी तशी मनाशी नोंद घेतली. पुढे ‘तुम्ही’ कधी गळाले, ते तिच्याही लक्षात आले नाही.

नवा कोड आला. नावे बदललेली, क्रम बदललेला; चूक मात्र जुनीच. लेबलवर नुसता महिना असेल, तर औषध त्या महिन्याअखेरपर्यंत चालते. मुनीरचा कोड मात्र ते महिन्याच्या पहिल्याच दिवशी बाद ठरवत असे. नवा कोडही तेच करत होता. वेगळ्या माणसाच्या हातून चूकही वेगळी झाली असती.

तिने वेदांगला मीटिंग रूममध्ये बोलावून पडदा त्याच्याकडे वळवला.

“हे पाहून लिहिलंस.”

“पाहून नाही. आठवून.” त्याने पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवले. “लिहायला बसलो की तोच बोलतो, शुभ्रा. त्याच्या आईने एकदा मुदत संपलेलं औषध घेतलं होतं… म्हणून तारखेबाबत तो इतका भित्रा. ती ओळ माझ्याच्याने वेगळी होईना.”

“मग नव्याने लिहिलंय म्हणून सही का केलीस?”

“काम झालं नाही तर नोकरी खलास, तिच्याबरोबर व्हिसाही. मला तुझ्या शहरात राहायचं होतं. दुसरं कारण नाही.”

हे त्याने इतक्या सपाट स्वरात सांगितले, की ते प्रेमाचे बोलणे आहे हे तिला क्षणभर उशिरा कळले. ती इथेच, मोहम्मद बिन झायद सिटीत वाढली होती; जाणाऱ्यांना निरोप देण्याची तिला सवय होती. या वेळी मात्र ती सवय कामी येईना.

“मी सही केली,” ती म्हणाली, “तर त्याचं काम कंपनीच्या नावावर जाईल. तू रोज ते यंत्र ऐकशील.”

खुर्ची ओढून वेदांग तिच्या शेजारी बसला.

रिपोर्ट तिने लिहिला : मजकूर मूळ कोडवरून घेतलेला, वितरणास अयोग्य. शब्द नेमके होते, बोट मात्र पाठवायच्या बटणावर थबकले. वेदांगने आपला हात तिच्या हातावर ठेवला, आणि बटण दोघांनी मिळून दाबले.

“उद्या घरी ये,” ती पडद्याकडेच पाहत म्हणाली. “बाबांना भेट.”

“काय म्हणून ओळख करून देणार? नोकरी गेलेला मुलगा?”

“हो… आणि ती मीच घालवली, हेही सांगेन.”