सावकाश वर येणारा माणूस

सभागृहाच्या दारात मी छत्री झटकली आणि सगळं पाणी थेट एका माणसाच्या मानेवर गेलं.

तो गुडघ्यांवर बसून प्रोजेक्टरची वायर चिकटपट्टीने जमिनीला चिकटवत होता. त्याने मान पुसली, वर बघितलं, आणि पुन्हा वायरीकडे वळला. विद्यापीठाचा इलेक्ट्रिशियन असावा, असं वाटलं मला.

"माफ करा हं," मी म्हटलं. "आज बोलणार आहेत ते कसे आहेत हो? म्हणजे... भरवशाचे आहेत का?"

"थोडा संथ आहे, असं म्हणतात मुलं," तो म्हणाला. "पण तुम्ही का विचारताय?"

"माझी धाकटी बहीण त्यांच्याकडे शिकणार आहे. आणि मला जास्त गोड बोलणाऱ्या माणसांचा संशय येतो."

"मग बरंय. गोड बोलता येत नाही त्याला."

पाच वाजता व्याख्यान सुरू झालं आणि तोच माणूस ओल्या कॉलरसकट माइकसमोर जाऊन उभा राहिला. मी खुर्चीत जमेल तेवढी खाली सरकले.

संशय घेणं हे माझं काम आहे. विमा कंपनीत मी अपघाताच्या दाव्यांचे कागद तपासते. पाय कुठल्या पायरीवर घसरला, पायरी ओली होती की कोरडी, असले प्रश्न विचारण्यात नऊ वर्षं गेली. त्यामुळे हॉस्टेलवर राहणाऱ्या धाकटीने डायव्हिंग क्लबचा फॉर्म पुढे करून "ताई, नुसती सही हवीय गं" म्हटलं, तेव्हा सही दिली खरी, पण तो फॉर्म डोक्यातून जाईना. क्लबची चार जाहीर व्याख्यानं होती, दर शुक्रवारी एक. चारही ऐकायचीच, असं मी ठरवून टाकलं.

तो सांगत होता ते मात्र खिळवून ठेवणारं होतं. शंभर मीटर खाली, जिथे उजेड पोचत नाही, तिथे साधी हवा श्वासात घेतली तर माणसाला भलताच कैफ चढतो, म्हणून वेगळं मिश्रण भरून न्यावं लागतं. खाली वीस मिनिटं काढली की वर यायला तीन तास. मध्ये कितीतरी ठिकाणी दोरीला धरून नुसतं लटकत राहायचं. घाई केली की रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात आणि माणूस कामातून जातो.

"म्हणून तुम्हाला कासव म्हणतात का?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही. मला जेवायलाही वेळ लागतो," तो म्हणाला, आणि सगळं सभागृह हसलं. मीसुद्धा. मग माझाच मला राग आला.

दुसऱ्या शुक्रवारी व्याख्यान संपल्यावर तो चहाचे दोन कप घेऊन सरळ माझ्याकडे आला.

"आज छत्री नाही आणली?"

"आणलीय. बाहेर ठेवलीय. तुमच्या मानेसाठी."

तो हसला. डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या. सतत उन्हात आणि खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या माणसाच्या असतात तशा. मी कपातल्या चहाकडे बघायला लागले.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुमची बहीण... लहानपणी कधी चक्कर येऊन पडली होती? झोप नीट होते का तिची?"

चहा हातातच राहिला. "तिच्या झोपेशी तुमचा काय संबंध?"

"सहज विचारलं."

सहज कुणी काही विचारत नाही, हे मला माझ्या नोकरीने शिकवलंय. त्याने नजर वळवली होती. रात्री धाकटीला फोन केला, तर ती सरांचं नाव निघताच तुटक बोलायला लागली. "बुधवारी तलावावर असते मी. बाकी काही नाही. तू उगीच चौकशा करू नकोस." एरवी दिवसभराचं पुराण सांगणारी मुलगी ही... माझ्याशी गोड बोलायचं आणि तिच्याशी बुधवारी भेटायचं? आणि त्याचे ते चहाचे कप आठवून माझे कान का तापत होते, याचा विचारसुद्धा मला करायचा नव्हता.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावावर गेले.

काचेच्या दारातून दिसलं ते असं : तलावात सात-आठ मुलं टाक्या पाठीला बांधून बुड्या मारत होती. आणि काठावरच्या बाकावर, कोरड्या कपड्यांत, धाकटी हुंदके देऊन रडत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसून हळू आवाजात काहीतरी सांगत होता. तिने त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला.

मी आत कशी गेले ते मला आठवत नाही.

"काय चाललंय इथे?"

धाकटी दचकली. तो उभा राहिला.

"मी तुम्हाला प्रश्न विचारलाय," मी त्याला म्हटलं. "ती का रडतेय?"

"ती पाण्यात उतरणार नाही. मी आहे तोवर तरी नाही," तो म्हणाला. "एवढंच मी सांगू शकतो. बाकीचं तिने सांगायचं आहे."

"वा. आणि मी ते ऐकून घरी जायचं?"

तो नुसता धाकटीकडे बघत राहिला, रागाने नाही, वाट बघत असल्यासारखा. आणि मग तीच बोलायला लागली, तुटत तुटत.

गेल्या वर्षभरात चार वेळा असं झालं होतं. मेसमध्ये जेवताना हातातला चमचा पडला आणि मैत्रिणी हलवत होत्या तरी ती कुठेतरी शून्यात बघत होती. नंतर काही आठवत नव्हतं. घरी कुणालाही सांगितलं नाही. फॉर्मवर 'कधी शुद्ध हरपली आहे का' या प्रश्नासमोर तिने 'नाही' लिहिलं होतं. त्याच कागदावर मी सही केली होती... मी, कागद तपासणारी.

"गेल्या आठवड्यात छातीभर पाण्यात असताना झालं," ती म्हणाली. "दहा सेकंद. बाकीच्यांना वाटलं, पाय घसरला. सरांनी मला उचलून बाहेर काढलं आणि म्हणाले, घरी सांग, डॉक्टरांकडे जा. मी म्हटलं, ताई मला कधीच पाण्यात जाऊ देणार नाही. मी त्यांच्या पाया पडायची बाकी होते गं."

"शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती," तो म्हणाला. "तोवर सांगितलं नसतं, तर मीच तुम्हाला सांगणार होतो."

शंभर मीटर खाली, अंधारात, दहा सेकंद. मी धाकटीला जवळ ओढलं. 

त्या शुक्रवारी आम्ही डॉक्टरांकडे होतो. तिच्या डोक्याला तारा लावून कागदावर रेघोट्या काढल्या गेल्या. गोळ्या सुरू झाल्या. फेफऱ्याचाच एक प्रकार, वेळेवर कळलं म्हणून काळजी नाही, असं डॉक्टर म्हणाले. डायव्हिंग मात्र नाही. धाकटी माझ्यावरही रुसली आणि सरांवरही. आईने तिला आठवडाभर स्वतःजवळ झोपवलं.

चौथ्या व्याख्यानाला मी एकटीच गेले. तो अर्ध्यातून परत फिरण्याबद्दल बोलला. टाकीतला एक तृतीयांश वायू संपला की पुढे काहीही दिसत असो, वळायचं. सोबतच्याने नुसती खूण केली तरी वळायचं, कारण विचारायचं नाही. टाळ्या झाल्या, लोक पांगले. मी वायरी गुंडाळायला लागले, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "मी तुमच्याबद्दल वाईट विचार केला. बराच."

"दिसत होतं."

"मग त्या दिवशी चहाच्या वेळी सरळ का नाही सांगितलंत?"

तो चिकटपट्टी सोलायला लागला. "तिचा माझ्यावर विश्वास होता, हे एक. आणि दुसरं... तुमच्याशी बोलायला मला निमित्त हवंच होतं. ते निमित्त तिचं दुखणं असावं, हे मला बरं वाटेना."

बाहेर भुरभुर सुरू झाली होती. उघड्या दारातून गार वारा आला.

"कधीपासून?" मी विचारलं. सवयच ती.

"नीट कळलं ते तिसऱ्या व्याख्यानाला."

"तिसऱ्याला मी आलेच नव्हते."

"हो ना," तो म्हणाला. "दीड तास त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बोललो. तेव्हा कळलं."

 हातातली वायर मी दुसऱ्यांदा गुंडाळली, मग ठेवून दिली.

"रविवारी घरी या," मी म्हटलं. "आईला तुम्हाला बघायचंय. आणि धाकटी अजून फुगून बसलीय, तिची समजूत तुम्हालाच काढावी लागेल."

"काढतो. आणि तुमची समजूत?"

"माझी पटली आहे."

बोलून गेल्यावर ते वाक्य माझ्याच कानांवर पडलं. तो हसू दाबायचा प्रयत्न करत होता, आणि ते त्याला मुळीच जमत नव्हतं. मी शब्द मागे घेतला नाही.