मुलं उतरत आहेत

"दाबा ब्रेक, आप्पा," डॉ. विभावरी खासनीस म्हणाल्या.

ड्रायव्हरच्या सीटवरून आप्पांनी ब्रेक दाबला. बसचे दोन्ही पाठदिवे लाल झाले आणि मागे उभ्या असलेल्या चाचणीगाडीच्या पडद्यावर पुन्हा तीच नतद्रष्ट अक्षरं उमटली: 'मुलं उतरत आहेत. थांबा.'

"कुठली मुलं? कुणाची मुलं?" इरफान मुजावर ओरडला आणि त्याने हातातला मल्टीमीटर गोणपाटावर भिरकावला.

मिरजेजवळच्या औद्योगिक वसाहतीत, अगदी आतल्या टोकाच्या शेडमध्ये उभी असलेली ही बस पूर्वी शाळेची होती. आता तिच्यात बाकांऐवजी खाटा आणि डायलिसिसची यंत्रं होती. जतकडच्या गावांत फिरणारी ही पहिलीच रक्तशुद्धी-बस आणि तिच्यातली पहिली खाट इरफानच्या बहिणीची, नसीमाची. नसीमाचं मागचं डायलिसिस चुकलं होतं. आज संध्याकाळपर्यंत बस पोचली नाही, तर अंगात साठलेलं पाणी छातीत चढेल, असं तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि ज्याने ही बस उभी केली तो भाऊ पाठदिव्यांपुढे उकिडवा बसून तारा चाचपत होता. त्याने चिडू नये तर काय करावं?

चालकविरहित गाड्या आल्यापासून गाड्या एकमेकींशी प्रकाशबोलीत बोलत. एलईडी सेकंदाला लाखो वेळा विझू-पेटू शकतो. माणसाला तो सलग दिसतो, दुसऱ्या गाडीला मात्र त्यातले शब्द कळतात. या बसमध्ये राहून गेलेली शाळेच्या काळातली पेटी दोनच वाक्यं बोलायची. ब्रेक दाबला की 'मुलं उतरत आहेत, थांबा' आणि दार मिटून बस हलली की 'मुलं उतरली, चला'. पहिलं वाक्य ऐकलेली गाडी, मागची असो वा समोरची, जागीच खिळायची. दुसरं वाक्य त्याच पेटीकडून आल्याशिवाय ती सुटत नसे. प्रश्न मुलांच्या जिवाचा होता, म्हणून कायद्याने सुटकेची किल्ली आणखी कुणाच्याही हाती ठेवली नव्हती, गाडीत बसलेल्यांच्याही नाही.

सकाळी ते बस चाचणीसाठी हमरस्त्यावर घेऊन गेले होते. पहिल्याच ब्रेकला मागच्या गाड्या थांबल्या आणि इरफानचं डोकं फिरलं. त्याने तिथल्या तिथे फळी उचकटून पेटी तारांसकट उपटली आणि बस थेट शेडमध्ये घालायला लावली. प्रकाशबोलीवर संशोधन करणाऱ्या खासनीसबाई आपल्या प्रयोगशाळेची, हाताने चालवायची चाचणीगाडी घेऊन मागोमाग आत आल्या. तरी वाक्य तेच. मग त्यांनी अर्थिंगचा बोल्ट घासला, फ्यूज बदलले, वैतागून पाठदिवेच नवे बसवले. वाक्य काही हटेना.

"पेटी ही माझ्या हातात हाय, मॅडम. मग बोलतंय कोण?"

खासनीसबाई नव्या दिव्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"इरफान, एलईडीवर उजेड पडला की काय होतं?"

"इवलीशी वीज तयार होती. पण ती कितीशी?"

"ऐकण्यापुरती असते. एलईडी हे तोंड आहे तसा कानही आहे. इशारा मिळाला हे कळवायला मागची गाडी हेडलाइटमधून तोच इशारा उलट म्हणते. तो पुढच्या गाडीचे पाठदिवे ऐकतात आणि धोका म्हणून पुन्हा मागे सांगतात. पेटी एकदाच बोलली, सकाळी रस्त्यावर. तेव्हापासून माझी गाडी तुमच्या बसला सांगतेय आणि बस माझ्या गाडीला."

"म्हणजे ज्या गाडीनं आपण दोष शोधतोय..."

"तीच दोष जिवंत ठेवतेय! अख्खी सकाळ आपण गाढवासारखे तारा घासत बसलो."

चाचणीगाडी प्रयोगशाळेची, म्हणून तिची स्मृती पुसता येत होती. बाईंनी ती पुसली. आप्पांनी ब्रेक दाबला. दिवे लाल झाले, पडदा कोरा राहिला.

आप्पांनी लगेच पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. बाईंना एरवी या प्रकाराचा भयंकर तिटकारा. लिंबावरून त्यांनी आप्पांचं किती वेळा डोकं खाल्लं होतं. आज त्यांनी स्वतःच ती पेटी उचलली आणि लिंबाशेजारी ठेवली.

"ही पीडाही चिरडा एकदाची."

कडकन आवाज झाला. इरफान दिवसभरात पहिल्यांदा हसला आणि बाईंच्या पाठोपाठ चालत्या बसमध्ये चढता चढता त्याने फोन लावला. "नसीमा, निघालो बघ."

वसाहतीच्या फाटकातून हमरस्त्यावर वळताना आप्पांनी बस थांबवली. रस्ता दोन्ही बाजूंनी, नजर पोचेल तिथपर्यंत, गाड्यांनी भरला होता. विजेच्या गाड्या, त्यामुळे आवाज नव्हता. सगळ्यांचे दिवे चालू होते. काही माणसं उतरून झाडाखाली बसली होती.

"सकाळच्या गाड्या," इरफान कसाबसा म्हणाला. "एकीनं दुसरीला सांगितलं. अन् मी पेटी उपटली. 'चला' कुणी म्हटलंच न्हाई."

खासनीसबाई उतरून शेडकडे धावल्या. जमिनीवर गुडघे टेकून त्या पेटीचे तुकडे वेचू लागल्या. 'चला' म्हणणारी चिप, लिंबाच्या बिया चिकटलेली, उभी दुभंगली होती. त्यांना रडू फुटलं. स्वतःचा इतका राग त्यांना कधीच आला नव्हता.

फाटकाशी इरफानचा फोन वाजला. नसीमाला धाप लागली होती.

"भाई, कुठवर आलात?"

तो काही बोलायच्या आत शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी काच खाली केली.

"काय हो, पुढं शाळेची बस थांबलीय म्हणते ही गाडी. सकाळपासून मुलं उतरतायत म्हणे. तुम्हांला कुठं दिसतेय का?"